ड्रायर फिरतोय पण हवा थंड येते. वर्षभरापूर्वीच एलिमेंट बदलला होता, परत तोच बदलू का ड्रायरच काढून टाकू?

तुमच्या प्रश्नातलं ते "वर्षभरापूर्वीच बदलला होता" वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. ड्रम फिरतो, हवा येते पण थंड, आणि ओळखीतले सांगतायत की एलिमेंट, म्हणजे हवा तापवणारी कॉइल, गेला, नवीन टाकून मोकळे व्हा. नका होऊ मोकळे. गेलाही असेल एलिमेंट, पण तो असा वर्षभरात आपणहून जाणारा पार्ट नाहीये. त्याला काहीतरी जाळतंय, आणि ते काय आहे हे न बघता नवीन घातलात तर तोही जाईल, आणि मग लोक म्हणणार पार्टच डुप्लिकेट होता.

आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. घरातली इलेक्ट्रिकची कामं सगळी माझे मोठे दीर करतात. हात चांगला आहे भाऊजींचा, हे मी कधीच नाकारलेलं नाही, पंखा मिक्सर इस्त्री काहीही असो तेच उघडतात आणि बहुतेक वेळा नीट करून देतात. ड्रायर थंड पडला तेव्हा त्यांनीच मागचं पॅनल काढलं, कॉइल तुटलेली दिसली, नवीन एलिमेंट आणून बसवला, ड्रायर सुरू, सगळे खूश. काही महिन्यांनी परत थंड. या वेळी कॉइल शाबूत पण थर्मल फ्यूज (फार तापलं की उडून करंट तोडणारा) उडालेला. तो बदलला, तोही उडाला. मग भाऊजींनी तो डायरेक्ट करून टाकला, म्हणजे फ्यूजच्या दोन पिनांवरच्या वायरी काढून एका तुकड्याने एकमेकींना जोडून टाकल्या, आणि घरात जाहीर केलं की हल्ली फ्यूज भिकार येतात, आता कटकट संपली.

मला यातलं काही सांगितलं नव्हतं. मला कळलं ते टॉवेलवरून. ड्रायरमधून काढला तर हातात धरवेना इतका गरम, करपट वास, आणि काठाच्या शिवणीपाशी पांढऱ्याचा पिवळट झालेला. मी तिथल्या तिथे प्लग काढला आणि मशीन गार झाल्यावर पॅनल स्वतः उघडलं, भाऊजी घरी यायची वाट बघितली नाही. आत तो वायरचा तुकडा होता, साधी घरगुती वायर, तिचं प्लास्टिक कडक होऊन तडकलेलं, बोट लावलं तर कपच्या पडल्या. शेजारी एलिमेंटच्या पिनेवरचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) निळं-काळं पडलेलं. आणि एलिमेंटच्या डब्याच्या आत, कॉइल ज्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांवर बसते त्यांच्या खाचांत, भाजून तपकिरी झालेला लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा कापसासारखा भुसा. कॉइलचे वेढे दोन ठिकाणी इतके लोंबलेले की पत्र्याला टेकायला जेमतेम जागा राहिली होती.

मग मी ड्रायर पुढे ओढला. मागचा हवा बाहेर नेणारा तो चुण्याचुण्यांचा लवचिक पाइप भिंत आणि मशीनच्या मधे दाबून पार चपटा झालेला आणि आत लिंट गच्च. ओढत गेले तसा येतच राहिला, जुन्या गादीतला कापूस निघतो तसा. हे होतं खरं कारण. एलिमेंट नाही, फ्यूज तर नाहीच नाही.

आता हे भाऊजींना आजही पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. एलिमेंटची तार नायक्रोमची असते, म्हणजे निकेल आणि क्रोमियम. ती चांगली लालबुंद होऊनही वर्षानुवर्षं टिकते, पण कधी, तर तिच्यावरून हवा वाहत असेल तर. पंखा हवा ओढतो, ती हवा कॉइलची उष्णता घेऊन ड्रममधे जाते, कपड्यातलं पाणी घेऊन बाहेर पडते. बाहेरची वाट तुंबली की हवा मंदावते, उष्णता कॉइलपाशीच साठते, मग हाय-लिमिट थर्मोस्टॅट, म्हणजे जास्त तापलं की बंद होणारा आपोआप स्विच, करंट तोडतो, थोडं निवलं की परत जोडतो, परत तोडतो. दर वेळी तार फुगते आणि आकसते, मऊ पडून लोंबते, आणि एक दिवस जिथे सगळ्यात जास्त तापते तिथे तुटते. तुटलेलं टोक नीट बघा, बऱ्याचदा त्यावर वितळलेल्या धातूचा बारीक मणी दिसतो. आणि थर्मोस्टॅट जोडतोड करून थकला किंवा चिकटून बसला तर थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि परत जोडला जात नाही, तो त्यासाठीच बसवलेला असतो. तो सारखा उडतोय म्हणजे तो भिकार नाहीये, तो आपलं काम चोख करतोय. त्याला डायरेक्ट केलं की लिंटने भरलेल्या डब्यात लाल तार आणि ती थांबवणारं कुणी नाही. लिंट पेटायला फार काही लागत नाही.

भाऊजी म्हणाले, "अगं तू उगाच घाबरतेस, मी मल्टिमीटर लावून बघितलं होतं." मी म्हटलं भाऊजी, मीटर लावलं ते वायर नीट जोडलीय का बघायला, फ्यूज का उडाला हे बघायला नाही. त्यावर ते गप्प बसले पण घरात चार लोक जमले की अजून सांगतात की चालू मशीन होतं, हिने उगाच पसारा काढला.

असो. तुमचं बघू. आधी हे बघा की कूल किंवा नुसत्या हवेचा प्रोग्राम तर लागला नाहीये ना, आणि सप्लाय पूर्ण येतोय ना. जिथे ड्रायरला २४० व्होल्टची दोन लाइव्ह वायरींची वेगळी लाइन असते तिथे एक बाजू गेली तरी मोटर फिरत राहू शकते आणि हीटर मात्र बंद, आणि लोक एलिमेंट विकत घेऊन बसतात. मग प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नाही. पॅनल उघडलं की कुठलीही वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी.

एलिमेंटची निदान एक वायर सोडवून मगच मोजा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेने रीडिंग दाखवतं आणि तुटलेली कॉइल चांगली वाटते. मीटर २०० ओहमच्या रेंजवर, आधी दोन प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) एकमेकांना टेकवून जे काही येतं ते वजा करायचं. किती यायला पाहिजे ते एलिमेंटवरच्या वॅटवरून काढता येतं, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टला २००० वॅट असेल तर साधारण २६ ओहम, २५०० असेल तर २१ च्या आसपास, आणि २४० व्होल्टचा ५४०० वॅटचा मोठा एलिमेंट असेल तर ११ च्या जरा खाली. थंड असताना थोडं कमी दाखवेल, ते चालतं. काहीच आलं नाही, मीटरवर ओपन दाखवलं, तर कॉइल तुटलीय. काही एलिमेंटमधे दोन कॉइल असतात, त्यातली एकच गेली तर हवा कोमट येते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

आणि एक मोजमाप बहुतेक जण करतच नाहीत. मीटर सगळ्यात वरच्या रेंजवर घेऊन एक प्रोब एलिमेंटच्या पिनेवर, दुसरा त्याच्या पत्र्यावर. इथे काहीही आकडा आला नाही पाहिजे. आला तर तार बॉडीला टेकलीय. तसं असेल तर कुठे ब्रेकर पडतो, आणि त्या दोन लाइव्ह वायरींच्या लाइनवर तर ड्रायर बंद केल्यावरही कॉइल तापत राहू शकते, कारण स्विच एकच बाजू तोडतो. असा एलिमेंट एक दिवसही वापरायचा नाही.

एलिमेंट बरोबर निघाला तर फ्यूज आणि दोन्ही थर्मोस्टॅट (हाय-लिमिट आणि नेहमीचं तापमान सांभाळणारा) बघा. थंड असताना तिन्हींवर मीटरने बीप दिला पाहिजे, म्हणजे जवळपास शून्य ओहम. काही मशीनमधे हीटरजवळ एक छोटं रिसेटचं बटण असतं, ते उडालेलं असलं तर दाबून मशीन सुरू होतं, पण ते उडालं का हा प्रश्न राहतोच. आणि फ्यूज गेलेला सापडला तर तेवढ्याच तापमानाचा घाला, अंगावर लिहिलेलं असतं. जास्त तापमानाचा मिळाला म्हणून तो घालू नका.

बदलणं तसं सोपं आहे, काही मशीनमधे मागून चार स्क्रूंत काम होतं, काहीत ड्रम आणि पट्टा काढायला लागतो, तुमचं कुठलं ते मॉडेलवर आहे. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. नव्या एलिमेंटबरोबर हाय-लिमिट थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज दोन्ही नवीन घाला, जुन्यांनी भरपूर ताप सोसलेला असतो. आणि ते काळं पडलेलं थिंबल परत दाबून बसवू नका. २५०० वॅटला ११ अँपिअरच्या आसपास करंट जातो, तिथे लूज कनेक्शनमुळे अर्धा ओहम जरी आला तरी त्या एका पिनेवर साठ वॅट उष्णता तयार होते. नवीन पिन लगेच जळते आणि दोष परत एलिमेंटवर. जळका भाग कापून उष्णता सोसणारी वायर आणि जास्त तापमानाचं थिंबल घ्या, नीट क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने आवळून बसवा. सोल्डर नको, वितळतं.

आणि हे सगळं करायच्या आधी किंवा निदान पॅनल लावायच्या आधी हवेची वाट साफ करा, हे मी पहिलंच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पाइप काढा, झाडा, चपटा झाला असेल तर बदला, शक्य असेल तर गुळगुळीत कडक पाइप घ्या आणि वळणं कमी ठेवा. पाइपच्या बाहेरच्या तोंडाची झडप उघडते का बघा. पंख्याच्या पात्यांत लिंट असतो तो काढा. लिंट अडवणारी जाळी नुसती हाताने पुसून भागत नाही, कपडे मऊ करणाऱ्या शीट वापरत असाल तर तिच्यावर पातळ थर बसतो. जाळीवर पाणी ओतून बघा, पाणी वर साचून राहिलं तर साबण-ब्रशने घासा. कंडेन्सरवाला ड्रायर (हवा बाहेर न सोडता आतच वाफेचं पाणी करणारा) असेल आणि कंडेन्सर निघणारा असेल तर तो नळाखाली धुवा.

भाऊजींचा अजून एक मुद्दा असतो आणि तोही मला कायम खटकतो, की कपडे वाळायला वेळ लागतोय म्हणजे एलिमेंट म्हातारा झाला, कमी तापतोय. असं नसतं हो. तारेचा रेझिस्टन्स तोच तर वॅट तेच, कॉइल एकतर चालते नाहीतर तुटते. वेळ लागत असेल तर दोन कॉइलवाल्यातली एक तुटलीय, किंवा हवा तुंबलीय, किंवा व्होल्टेज पडलंय (२३० च्या जागी २०० आलं तर उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी होते), किंवा कपडे नीट पिळलेच जात नाहीयेत. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते. कपड्यांत तीन लिटर पाणी राहिलं असेल तर २००० वॅटच्या एलिमेंटला तासभर तरी लागणारच, त्याला कुणी काही करू शकत नाही. वॉशिंग मशीनचा स्पिन वाढवा, तिथे फुकटात पाणी निघतं.

तर ड्रायर टाकून देऊ का, याचं माझं उत्तर नाही. मोटर आणि ड्रम चांगला असेल तर एलिमेंटसाठी अख्खं मशीन टाकणं मला पटत नाही. आमचा तोच ड्रायर आहे, नवीन एलिमेंट, नवीन फ्यूज, पाइप बदललेला, आणि त्यानंतर फ्यूज उडालेला नाही. तोच "भिकार" म्हटलेल्या जातीचा फ्यूज आहे तो. भाऊजींना हे दाखवलं तर म्हणतात या वेळी पार्ट चांगला मिळाला.

मात्र तुमच्या मशीनमधे आधीच कुणी काही डायरेक्ट करून ठेवलंय का ते नक्की बघा, मागच्या वेळी ज्यांनी एलिमेंट बदलला त्यांनी केलेलं असू शकतं. फ्यूजच्या जागी नुसती वायर दिसली तर ती काढून फ्यूज बसेपर्यंत प्लग लावू नका. गॅरंटी शिल्लक असेल तर हे काहीच उघडू नका, त्यांनाच बोलवा, पण पाइप त्यांच्यासमोर काढून दाखवा. मोटरचा कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा पार्ट) प्लग काढल्यावरही थोडा वेळ चार्ज धरून राहतो, त्याच्या पिनांना हात लावू नका. आणि हे सगळं मी कॉइलवाल्या इलेक्ट्रिक ड्रायरबद्दल लिहिलंय. गॅसवाला असेल तर त्यात कॉइलच्या जागी बर्नर आणि इग्नायटर असतो, ते काम त्यातल्याच माणसाकडून करून घ्या. हीट पंपवाला असेल तर त्यात गरम करायचं काम कॉम्प्रेसर करतो, तिथे जाळी आणि हवेची वाट साफ करण्यापलीकडे घरी काही उघडू नका.