घारापुरीला ग्रामपंचायतीसाठी उभं राहायचं आहे, तर आधी कोणती कामं हातात घ्यावीत?

ताई, तुम्ही लिहिलंय की घर घारापुरीत, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, मतदार यादीत नावही तिथलंच, पण नोकरीमुळे आठवडाभर नेरूळला असता आणि जाहीरनाम्यात काय आधी घ्यावं ते ठरत नाही. मी उरण-पनवेल भागात ग्रामसेवक होतो, निवृत्तीनंतर सीवूड्सला राहतो. पंचायतीच्या दप्तरात जन्म गेला, त्यावरून सांगतो.

शेवटची लाँच पर्यटकांना घेऊन गेली की बेटावरच्या माणसाचं काय होतं, तिथून सुरुवात करा. पर्यटकांना रात्री राहायची परवानगी नाही, सोमवारी लेणी बंद. लाँचांच्या वेळा या हिशेबाने बसलेल्या. पण ताप सोमवारीही चढतो, आणि कळा रात्री दोनलाही सुरू होतात. म्हणून पहिलं काम रात्री-अपरात्री निघेल अशा बोटीचं. त्यासाठी नवी बोट विकत घेण्याचं आश्वासन देऊ नका. बोट घेतली की तिची दुरुस्ती, डिझेल, खलाशाचा पगार हे सगळं मागे लागतं. बेटावरच ज्यांच्या होड्या आहेत त्यांच्याशी आळीपाळीचा करार करा. ज्याची पाळी त्याने रात्रभर तयार राहायचं आणि त्याचे ठरलेले पैसे फेरी झाली नाही तरी द्यायचे. हे पैसे आणायचे कुठून? तुमची पंचायत पर्यटकांकडून कर घेते, तो स्वनिधी. सरकारी योजनेच्या अटी त्याला नसतात. अंदाजपत्रकात वेगळा शीर्ष, म्हणजे या खर्चाचं स्वतंत्र खातं, धरा आणि ग्रामसभेचा ठराव करून घ्या. पलीकडे कुठल्या धक्क्यावर १०८ची रुग्णवाहिका उभी राहील, हेही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. माझ्या मते एवढं एक काम पाच वर्षांत नीट बसलं तरी तुमचं निवडून येणं सार्थकी लागलं.

याच्याशीच जोडलेली गोष्ट लाइफ जॅकेटची. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, माणसं गेली. त्यानंतर पर्यटकांच्या जॅकेटची चर्चा झाली. पण रोज खाडी ओलांडणारी शाळेची पोरं आणि बाजाराला जाणाऱ्या बाया यांच्या होडीत मापाची जॅकेटं आहेत का, हे पंचायतीने बघायला हवं. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट चालत नाही.

दुसरं पाणी. बाकीच्या तालुक्यात मे महिन्यात टँकर मागवता येतो, बेटावर तो रस्त्याने येणार कसा? समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून फेब्रुवारी २०१८मध्ये वीज आली, तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर निघायचे. आता पंप चालवता येतो, तेव्हा साठवण टाक्या, पागोळीचं पाणी आणि विहिरींचा गाळ यावर भर द्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायची होती, त्यातली निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. नव्या आयोगाच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) वाचून घ्या. स्वच्छतेच्या पैशातून प्लास्टिक वेगळं करून बोटीने बाहेर न्यायची सोय होऊ शकते. जंगलात जाळलेला कचरा मी पाहिलाय, तो धूर शेवटी गावकऱ्यांच्याच छातीत जातो.

आता जे हातात नाही ते. जेट्टी आणि लाँचांचे परवाने सागरी मंडळाकडे, लेणी पुरातत्त्व खात्याकडे. २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीनेच. त्यामुळे ‘घरं वाढवून देईन’ असं प्रचारात कुणालाही म्हणू नका. दुरुस्तीच्या परवानगीचे अर्ज मात्र पंचायतीत बसून भरून देता येतात, आणि त्यांचा पाठपुरावा करता येतो. लोकांना ती मदत खरंच लागते. कागद हरवतात, नकाशे नसतात, माणूस दोन चकरांत थकतो.

तुम्ही सरपंचपदाला उभ्या आहात की सदस्य म्हणून, हे लिहिलेलं नाही. सरपंच थेट लोकांमधून निवडून येतो; सदस्य असाल तर मासिक सभेत तुमचं एकच मत. तेव्हा बोटीचा विषय मांडताना तिन्ही वस्त्यांतल्या सदस्यांना सोबत घ्यावं लागेल. दुकानं आणि पर्यटकांची वर्दळ शेतबंदराला, म्हणून राजबंदर आणि मोराबंदराची कामं जाहीरनाम्यात नावानिशी लिहा. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती उरकून टाकू नका. रात्रीच्या बोटीची खरी गरज तिथेच बोलली जाईल.

‘तुम्ही तर नेरूळला असता’ हे कुणीतरी म्हणणारच. त्याचं उत्तर आधीच ठरवा. आठवड्यातले कोणते दिवस मुक्कामाला असाल आणि नसाल तेव्हा कुणाला फोन करायचा, ते जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर छापा.