जनमत असते, सार्वमत घेतले जाते

अर्थशास्त्रातील संशोधनपर लेखांचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की ‘रेफरेंडम’ला, म्हणजे एखाद्या प्रश्नावर नागरिकांनी थेट केलेल्या मतदानाला, ‘जनमत’ म्हणावे की ‘सार्वमत’, आणि त्याच लेखांत वारंवार येणाऱ्या ‘व्होटर बिहेवियर’ व ‘पब्लिक अ‍ॅटिट्यूड्स’ यांचे काय करावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सार्वमत’ हेच आहे. ‘ब्रिटनने २०१६ मध्ये जनमत घेतले’ असली वाक्ये बातम्यांतून सतत कानावर पडतात आणि दर वेळी खटकतात, कारण हिंदीतील ‘जनमत संग्रह’ या शब्दाचा अर्धा तुकडा मराठीत आणून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

‘मत’ हा शब्द ‘मन्’ धातूपासून आलेला आहे. मनात आलेले, मानलेले ते मत. मनातला विचार आणि पेटीत टाकलेला निर्णय यांसाठी इंग्रजीत ‘ओपिनियन’ आणि ‘व्होट’ असे दोन निराळे शब्द आहेत, मराठीत एकच आहे. परंतु मराठीने हा भेद नामात न ठेवता क्रियापदात जपलेला आहे. एक मत असते, बनते, बदलते. दुसरे दिले जाते, पडते, बाद होते. पहिले कुणी विचारले नाही तरी असतेच, दुसरे दिल्यावाचून अस्तित्वातच येत नाही. जनमत पहिल्या प्रकारचे आहे, म्हणून ते अजमावता येते, घेता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा भेद कळीचा आहे. ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी यांनी १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील वोल्फेनशीसेन या गावात, अणुकचऱ्याच्या साठवण केंद्राबाबत, पाहणी केली तेव्हा ५०.८ टक्के लोकांनी केंद्र स्वीकारण्याची तयारी दाखवली. भरपाई देऊ केल्यावर हाच आकडा २४.६ टक्क्यांवर उतरला. प्रश्नात पैसा येताच उत्तर पालटले, हे जनमताचे लक्षण आहे. पॅट्रिशिया फुंक यांनी तर स्विस मतदारांची पाहणीतील उत्तरे सार्वमतांच्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिली आणि स्थलांतरासारख्या नाजूक विषयांवर दोहोंत तफावत आढळते हे दाखवले. हे संशोधन अनुवादताना दोन्हींना ‘जनमत’ म्हटले, तर निष्कर्षच पुसला जातो.

खरा आनंद मात्र ‘रेफरेंडम’च्या व्युत्पत्तीत आहे. लॅटिनमध्ये ‘रे’ म्हणजे परत आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे; हा ‘फेर्रे’ आपल्या ‘भृ’ धातूचा सख्खा भाऊ आहे, ज्यापासून भार, भर्ता, भरण हे शब्द झाले. शेवटचा प्रत्यय ‘करावयाचे’ असा अर्थ देणारा, म्हणजे आपल्या ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’च्या जागचा, तेव्हा रेफरेंडम म्हणजे शब्दशः ‘परत वाहून न्यावयाचे’. जुन्या स्विस संघाच्या सभेत प्रतिनिधी आपापल्या प्रांताच्या सूचनांनी बांधलेले असत, आणि सूचनांपलीकडचा विषय निघाला की तो ‘अ‍ॅड रेफरेंडम’ म्हणून, निर्णय न देता, घरी नेत. १८७४ च्या राज्यघटनेने संसदेने केलेला कायदाही असाच नागरिकांकडे नेण्याची वाट खुली केली. आज त्यासाठी शंभर दिवसांत ५०,००० सह्या लागतात. याच ‘भृ’पासून, याच ‘करावयाचे’ अर्थाच्या प्रत्ययाने, ‘भृत्य’ हा शब्द सिद्ध होतो: ज्याचे भरण करावयाचे तो, म्हणजे सेवक. प्रश्न परत वाहून नेणारा प्रतिनिधी हा लोकांचा भृत्यच, आणि प्रश्नाचे ‘रेफरेंडम’ व प्रतिनिधीचे ‘भृत्य’ ही दोन्ही नावे एकाच धातूतून निघावीत, यात मला निव्वळ योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

‘सार्वमत म्हणजे सर्वांचे मत, म्हणून ५१.९ टक्क्यांच्या ब्रेक्झिटच्या कौलाला तो शब्द लावणे चूक’ असा आक्षेप काही शुद्धतावादी घेतात, तो सपशेल चुकीचा आहे. त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाला ‘एकमत’ हा शब्द आहे. पाणिनीने ‘सर्व’पासून ‘सार्व’ साधला तो ‘सर्वांना हितकर’ या अर्थाने, ‘सर्वांनी एकमुखाने केलेले’ या अर्थाने नव्हे. आणि ‘सार्वजनिक’ म्हणताना आपण सर्व जनांची हजेरी घेत नाही. १९९२ मध्ये स्विस मतदारांनी युरोपीय आर्थिक क्षेत्रात जाण्यास ५०.३ टक्क्यांनी नकार दिला, तेही पूर्ण अर्थाने सार्वमतच होते, कारण प्रश्न सर्वांपुढे ठेवलेला होता.

राहिले दोन शब्द. ‘व्होटर बिहेवियर’ला ‘मतदारांचे वर्तन’ म्हणावे, ‘वर्तणूक’ नको, कारण वर्तणूक म्हटली की चांगली की वाईट हा प्रश्न आपोआप मागून येतो. ‘पब्लिक अ‍ॅटिट्यूड्स’ जिथे एखाद्या प्रश्नावरील झुकाव सांगतात तिथे ‘लोकांचा कल’ पुरेसा आहे. जिथे अनेक वर्षे टिकणारी ठेवण सांगतात तिथे ‘लोकवृत्ती’ घ्यावी.