सही केली, आता पुढे काय? हॅम रेडिओवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात हौशी रेडिओच्या, म्हणजे लायसन घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या हॅम लोकांच्या, स्पेक्ट्रमबद्दल (त्यांना वापरायला दिलेल्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे बँडबद्दल) लिहिलं, तेव्हापासून बँड वाचवायच्या अर्जावर सही करून पुढे काय, असे बरेच प्रश्न आलेत, बहुतेक नागपूर-वर्ध्याकडचे, त्यातले पाच घेतो.

प्रश्न: सर, भारतात हॅमचा एखादा बँड खरंच गेलाय का, की नुसतीच चर्चा? (हिंगण्याहून, इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी)

गेलाय. ३३०० ते ३४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्या जुन्या नियमांत हॅम लायसनच्या जनरल ग्रेडच्या यादीत होता, आणि २०२२ च्या ५जी लिलावात ३३०० पासून ३६७० पर्यंतचा सगळा पट्टा मोबाइल कंपन्यांसाठी काढला गेला. अमेरिकेतही तसंच, तिथे ३४५० ते ३५०० मधून हॅम लोकांना एप्रिल २०२२ मध्ये बाहेर पडावं लागलं.

हे एवढं सहज का झालं ते समजून घे. त्या पट्ट्यात आपण दुय्यम होतो. दुय्यम म्हणजे नागपुरात बर्डीच्या बाजारात दुकानासमोर हातगाडी लावायची मुभा असावी तसं, दुकानदाराला अडचण नाही तोवर उभं राहा, अडचण झाली की हला, आणि त्याच्या गिऱ्हाइकांचा धक्का लागला तरी तक्रार करायची सोय नाही. ७० सेंटीमीटरमध्ये (बँडची ही नावं लहरीच्या लांबीवरून पडलीत), म्हणजे ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्येही आपण दुय्यमच आहोत, हे फार जणांना माहीतच नसतं. २ मीटर, १४४ ते १४६, तिथे मात्र आपण प्राथमिक आहोत, आणि ४० मीटरच्या ७.० ते ७.२ मध्येसुद्धा.

आणि मनापासून सांगतो, ३.३ गिगाहर्ट्झवर आपल्यातले किती जण बोलत होते? मी एकदाही नाही. रिकाम्या दिसणाऱ्या प्लॉटवर दुसऱ्याची नजर जाणारच ना.

प्रश्न: व्हॉट्सअॅपवर फिरतंय की २ मीटर बँड विमानवाल्यांना देणार, लगेच सही करा. खरं आहे का? (धरमपेठ)

जुनं आहे दादा, २०१९ चं. त्या वर्षी जूनमध्ये प्राग इथे युरोपातल्या देशांच्या बैठकीत फ्रान्सने मांडलं की १४४ ते १४६ चा विमानांच्या रेडिओसेवेसाठी अभ्यास व्हावा. जगभर खळबळ उडाली, ऑनलाइन अर्जावर हजारो सह्या झाल्या, आणि ऑगस्टमध्ये अंकाराच्या बैठकीत १४४-१४६ त्या प्रस्तावातून वगळला गेला.

सह्यांनी वातावरण तापलं हे खरं, पण त्याच दोन महिन्यांत आंतरराष्ट्रीय हॅम संघटना आणि एकेका देशाची सोसायटी आपापल्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर कागद घेऊन बसली होती, हे लोक विसरतात. बैठकीत मत देशाचं असतं, सही करणाऱ्याचं नसतं. म्हणून फॉरवर्ड आला की आधी तारीख बघा.

प्रश्न: मग आपण नेमकं कुणाला आणि काय लिहायचं? (मानेवाडा)

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, थोडं लांबेल. आपल्याकडे बँड कुणाला द्यायचा हे दूरसंचार विभाग ठरवतो, त्यातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंग आपलं लायसन बघते, आणि देशाचा वाटपाचा तक्ता म्हणजे नॅशनल फ्रीक्वेन्सी अॅलोकेशन प्लॅन. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, लिलावावर शिफारस करतं, आणि त्याआधी कन्सल्टेशन पेपर काढून कुणाचंही मत मागवतं, अगदी तुमचं-माझंसुद्धा, ते मत नावासकट त्यांच्या साइटवर चढतं, मग त्यावर इतरांची प्रतिमतं, मग ओपन हाउस, म्हणजे खुली चर्चा. ही दारं उघडी असतात आणि आपण तिकडे जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

लिहिताना "आमच्या छंदावर अन्याय" असं लिहू नका. आपली लॉगबुक, म्हणजे बोलण्याच्या नोंदींची वही, काढा. किती क्यूएसओ (रेडिओवरची संभाषणं), कुठल्या तारखांना, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, रिपीटरवर (आवाज लांब पोचवणाऱ्या केंद्रावर) रोजचं नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी जमणं, किती वाजता, किती स्टेशन चेक-इन करतात, हे लिहा. पेपरमध्ये प्रश्नांना नंबर असतात, त्याच नंबरने उत्तर द्या, आणि पर्याय सुचवा, बँड वाटून वापरता येत असेल तर कसा ते सांगा. ५० जणांनी एकच मजकूर चिकटवण्यापेक्षा ५ जणांनी आपापल्या लॉगमधून लिहिलेलं जास्त उपयोगी. अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही आंतरराष्ट्रीय संघटनेतली आपली सदस्य सोसायटी आहे, एक प्रत तिकडे द्याच.

धीर मात्र हवा. ४० मीटरमधला ७.१ ते ७.२ आपल्याला कसा मिळाला? २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत निर्णय झाला आणि प्रसारण केंद्रं तिथून हटायला २९ मार्च २००९ उजाडला. त्याआधी संध्याकाळी ४० मीटरवर बसलं की परदेशी केंद्रांच्या शिट्ट्यांखाली आपला माणूस शोधावा लागायचा.

प्रश्न: काका, बँड कागदावर आहे पण माझ्याकडे ४० मीटरवर फक्त खरखर आहे, त्याचं काय? (वर्धा)

बाळा, हाही बँड जाण्याचाच प्रकार आहे, आणि याविरुद्ध कुठे अर्ज करत बसायच्या आधी गच्चीवर जा. माझा डायपोल, म्हणजे अँटेना, २० मीटर तार आहे, पाण्याच्या टाकीपासून मागच्या बांबूपर्यंत. दोन उन्हाळ्यांपूर्वी रोज अंधार पडला की रेडिओवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस-४ वरून थेट एस-९ वर, पहाटेपर्यंत तसाच. एस-४ ते एस-९ म्हणजे ३० डेसिबल, हजारपट. आधी घराचा मेन स्विच पाडला आणि रिग, म्हणजे रेडिओ सेट, बॅटरीवर लावला, खरखर तशीच, म्हणजे आपल्या घरातली नाही. मग छोटा रेडिओ एएमवर ठेवून गल्लीत चालत गेलो, आवाज वाढत वाढत शेजारच्या काकूंच्या गेटपाशी कान फुटायला आले. अंधार पडला की आपोआप लागणारा एलईडी फ्लडलाइट! काकूंना रेडिओ ऐकवला, त्या म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या दिव्याचा आवाज हा?" मी दिव्याला वीज पुरवणारा चांगला ड्रायव्हर (सर्किट) आणून बसवून दिला, वायरीला खरखर अडवणारं फेराइटचं कडं घातलं, मीटर परत एस-४.

खरखर फक्त दिवसा असेल तर आसपासच्या सोलर इन्व्हर्टरवर लक्ष ठेव. तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, मीटर किती, हे वहीत लिहीत जा, आणि काहीच जमलं नाही तर तीच वही तक्रारीला जोड.

प्रश्न: मोबाइलच्या जमान्यात हौशी लोकांना स्पेक्ट्रम द्यावाच कशाला? (महाल, निवृत्त शिक्षक)

गुरुजी, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम टीम पोर्ट ब्लेअरमध्येच होती, लांबच्या हॅमशी बोलायला गेलेली. त्या दिवसापासून त्यांच्या रिगवरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर यायला लागले. ती टीम त्या दिवशी नवीन शिकून बसली नव्हती, रोजच्या सवयीने तयार होती. पुढच्याच वर्षी, ५ मे २००५ ला, इस्रोने हॅमसॅट हा हॅम लोकांसाठीचा उपग्रह सोडला, ७० सेंटीमीटरवर ऐकायचा आणि २ मीटरवर बोलायचा, ९ वर्षं चालला, कितीतरी पोरं त्याच्यावर सॅटेलाइट शिकली.

आणि इथलंच सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, आमच्याकडे वीज गेली, दुपारपर्यंत फोनची बॅटरी संपली. हँडी, म्हणजे हातातला छोटा रेडिओ, मात्र स्कूटरच्या बॅटरीवर चालू होता, त्यावर माझ्या भाच्याशी बोलणं झालं, सुरक्षित आहे म्हणाला.

तुमच्या शाळेतल्या मुलांना हॅम लायसनची परीक्षा द्यायची असेल तर अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर पाठवा, १० नंतर ऊन तापतं.