जुन्या टीपॉयच्या फळीचं घड्याळ: नट का लागत नाही, काटा नवाजवळ का अडकतो

जुन्या टीपॉयच्या गोल फळीचं भिंतीवरचं घड्याळ करताना अडलंय, म्हणून तुम्ही विचारलंय. तुमची फळी सागवानी, १६ इंच व्यासाची, २२ मिमी जाड आणि वर जुना ऑइलपेंट. आणलेल्या घड्याळाच्या मशीनच्या दांड्यावरचे आटे १२ मिमीचे, त्यामुळे नट लागत नाही. पुठ्ठ्यावर लावून पाहिलं तर ८ इंची मिनिट काटा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर थांबतो. बिघडलंय समजून तसंच मशीन बदलून आणायला जाऊ नका, ते बिघडलेलं नाही.

आधी जाडीचं बघू. रबरी वायसरला साधारण एक मिमी आणि पुढच्या पत्र्याच्या वायसर-नटला तीन मिमी आटे लागतात. म्हणजे १२ मिमीच्या आट्यांना मधलं लाकूड ८ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. लांब दांड्याची मशीनं मिळतात, पण २२ मिमीसाठी किमान २६ मिमी आटे हवेत, आणि मशीन मागे बाहेर राहिलं की घड्याळ भिंतीपासून सुटलेलं दिसतं. त्यापेक्षा मागून १५ मिमी खोल खाच करा. मध्ये ७ मिमी लाकूड राहील आणि मशीन जवळपास सगळं आत जाईल.

मशीनचा चौकोन साधारण ५६ मिमीचा असतो. बोट घालून सेल काढता यावा म्हणून खाच ७० बाय ७० घ्या. मॉड्युलर किचन करणाऱ्या सुताराकडे ऑटो बिजागरीचा ३५ मिमीचा बिट असतोच. मध्यातून ३ मिमीचं आरपार भोक पाडा, मागच्या बाजूला त्यातून अधिकाची खूण काढा आणि दोन्ही रेषांपासून साडेसतरा मिमीवर चार केंद्रं घ्या. चार भोकं एकमेकांना लागून बरोबर ७० चा चौकोन भरतात. मधला आणि कोपऱ्यांतला उरलेला भाग पटाशीने काढायचा. खोलीसाठी बिटवर चिकटपट्टी लावा. बिटचं टोक आणखी दोन-तीन मिमी खाली जातं, तेव्हा खोलीच्या बाबतीत अंदाजाने काम नको. शेवटी मधलं भोक ९ मिमीचं करा, तेही पुढून आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून, नाहीतर ढलप्या निघतात. मशीनच्या डोक्यावरची टांगायची कडी खाचेत अडकत असेल तर कापून टाका. तिची गरज नाही.

हे सगळं करण्याआधी मध्य काढावा लागतो, आणि त्यात मात्र बहुतेकांची फसगत होते. जुनी फळी लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, रेषांच्या लांबीत जवळपास नाही. त्यामुळे गोल दिसणारी फळी खरं तर किंचित लंबगोल असते. कडेवरून कंपासने मध्य काढला तर तो सरकू शकतो. रेषांच्या दिशेने आणि आडवं अशी दोन मापं सर्वांत लांब ठिकाणी घ्या, दोन्हींचे निम्मे करा, आणि तासांच्या खुणा कडेपासून न मोजता याच मध्यापासून १६५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर घ्या. लगतच्या दोन खुणांमधलं सरळ अंतर ८५.४ मिमी येतं. बारा वेळा मोजत गेलात तर चूक साठत जाते. आधी १२, ३, ६, ९ गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) पक्के करा आणि मधल्या खुणा भरा.

आता काटा. मशीनची मोटर अगदी कमी ताकदीची असते. काटा सहापासून बारापर्यंत वर चढतो आणि नवाजवळ आडवा असताना त्याचं वजन सर्वांत जास्त जाणवतं. म्हणून तो तिथेच हरतो. सेल उतरला तरी सेकंद काटा नेमका तिथेच जागच्या जागी थरथरतो, तेव्हा आधी नवा सेल घालून बघा. तरीही थांबला तर काटा जड आहे. ८ इंची काटा तसाही तुमच्या फळीच्या कडेपर्यंत जातो. ६ इंची अ‍ॅल्युमिनियमचा घ्या आणि त्यासोबत ‘हाय टॉर्क’, म्हणजे जास्त ताकदीचं, मशीन. काटे आणि मशीन एकाच दुकानातून, जुळवून पाहूनच घ्या, कारण भोकांची मापं सगळीकडे सारखी नसतात. दोन काटे एकमेकांवर येतानाच घड्याळ थांबत असेल तर ते घासताहेत. मिनिट काटा किंचित पुढे वाकवा. कुठेही थांबत असेल तर नट फार आवळलाय. बोटाने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. सागवानाचा रंग गडद निघाला तर काळे काटे दिसणारच नाहीत, पितळी रंगाचे घ्या.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. उघड्यावर हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावा, खरवडा, मग वॉटर पेपरने पाणी घेत घासा आणि खरवड पिशवीत बांधून टाका. लाकूड पूर्ण वाळल्यावर १२० आणि २२० चा पेपर. टीपॉयच्या पायांची स्क्रूची भोकं मागेच आहेत, ती फेव्हिकॉल आणि त्याच फळीच्या भुश्शाने भरा. पॉलिश पुढे-मागे सारखंच करा. एकाच बाजूला केलं तर दमट हवेत उघडी बाजू फुगते आणि फळी वाकते. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश सागवानावर सगळ्यात देखणं दिसतं, पण भर पावसाळ्यात लावू नका, पांढुरकी झाक येते.

एवढी फळी पावणेदोन-दोन किलोची होते. ती टांगायची कडी लाकडात, बाराच्या रेषेवर स्क्रूने बसवा. भिंतीत ६ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लग) आणि ३५ मिमीचा स्क्रू पुरतो, फक्त तो प्लास्टरमध्ये न राहता विटेत गेला पाहिजे.