वर्गात एकाच मुलाच्या सोबत राहून त्याला मदत करणारी शॅडो टीचर म्हणून नव्यानं लागले आहे. एबीए, एबीए म्हणतात ते वर्गात नेमकं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की दुसरीतला मुलगा लिहायची वेळ आली की वही खाली फेकतो आणि बाकाखाली जाऊन बसतो. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला 'चांगलं वागला की स्टार, वाईट वागला की दुर्लक्ष' एवढंच सांगितलं. यातलं दुर्लक्ष तूर्त बाजूला ठेवा. या मुलाच्या बाबतीत ते बहुधा उलटं पडेल, आणि ते का, हे कळलं की निम्मं एबीए कळलं. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस: वागण्यामागचं कारण शोधून ते वागणं बदलायची पद्धत, जी बरेचदा ऑटिझम असलेल्या मुलांसोबत वापरतात.

गणिताचा तास घ्या. बाई फळ्यावर पाच उदाहरणं लिहितात, "वह्या काढा" म्हणतात. वही खाली पडते. बाई वैतागून म्हणतात, "जा, बाहेर बस." दहा मिनिटांनी तो आत येतो तेव्हा उदाहरणं संपलेली असतात. बाईंनी शिक्षा केली, पण मुलाची लिहिण्यातून सुटका झाली. उद्या वही आणखी लवकर पडणार. आता हीच वही दुसऱ्या एखाद्या मुलानं फेकली, सगळा वर्ग वळून हसला आणि तुम्ही धावत आलात, तर त्याला मिळालं ते लक्ष. दिसायला कृती एकच, पण उपाय अगदी वेगळे. लक्ष, सुटका, हवी ती वस्तू किंवा खेळ, आणि शरीराला मिळणारी संवेदना, या चारांपैकी काहीतरी त्या वागण्यातून मिळत असतं. तुमचा मुलगा सुटकेसाठी फेकत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत, तर वही जमिनीवरच राहील आणि लिहिणंही टळेल. म्हणजे त्याला हवं होतं तेच झालं.

म्हणून पहिले पाच शाळेचे दिवस फक्त नोंदी करा. आधी वागण्याची व्याख्या लिहा. 'चिडतो', 'हट्ट करतो' असं नको. 'वही किंवा पेन्सिल हातानं बाकाच्या कडेपलीकडे ढकलणं किंवा फेकणं' असं लिहा. दोघांनी वेगवेगळं बसून पंधरा मिनिटं मोजलं आणि आकडा जुळला, तर व्याख्या बरी आहे. मग खिशातल्या छोट्या डायरीत तीन रकाने करा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. उदाहरणार्थ: '१०:४०, बाई म्हणाल्या वही काढा / वही खाली / मी उचलून दिली, दोन मिनिटं समजावलं.' तिसऱ्या रकान्यात आपण स्वतः असतो, आणि नेमका तोच रकाना लोक रिकामा सोडतात. फेकणं किती वेळा ते मोजा. बाकाखाली किती मिनिटं बसला ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. ज्या तासाला काहीच होत नाही तोही लिहा. चित्रकलेत पेन्सिल हातात राहते आणि फळ्यावरून उतरवताना पडते, तर अडचण कुठे आहे त्याचा अंदाज येतो.

हे सगळं अचानक सुरू झालं असेल तर आधी पालकांना सांगून डॉक्टरांकडून दात, कान, पोट, झोप, नजर तपासून घ्या. लिहिताना हात दुखतो का हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगू शकतील. दुखणाऱ्या मुलावर वर्तनाचा कार्यक्रम लावणं हा अन्याय आहे.

नोंदींवरून कारण सुटकाच निघालं, तर दोन गोष्टी एकदम सुरू करा. एक, काम हलकं करा: पाचाऐवजी दोन उदाहरणं, फळ्याऐवजी बाकावर ठेवलेला कागद, आणि 'आधी कुठलं करूया?' एवढी निवड. दोन, सुटका मागायचा सोपा मार्ग शिकवा. 'थांबू' लिहिलेलं, हाताच्या पंजाचं चित्र असलेलं कार्ड बाकाच्या कोपऱ्यावर चिकटवा. लिहिताना त्याचा हात वहीच्या कडेकडे सरकायला लागला की, फेकण्याच्या आधीच, कार्डाकडे बोट दाखवा. गरज पडली तर त्याचा हात हलकेच तिथवर न्या. कार्डाला हात लागताच "हो, थांबूया" म्हणा, दोन-तीन सेकंदांत वही बाजूला करा आणि एक मिनिटाचा वाळूचा टायमर उलटा.

सुरुवातीला दिवसात पंधरा वेळा कार्ड दाखवलं तरी पंधराही वेळा मान्य करा. इथेच शिक्षक अडतात: "मग हा लिहिणार कधी?" पण फेकण्यापेक्षा कार्डानं उशिरा सुटका होत असेल, तर तो परत फेकण्याकडेच वळेल. फेकणं काही दिवस जवळपास थांबलं की "अजून एक ओळ, मग थांबू" म्हणा, पुढे दोन ओळी. हवी ती गोष्ट मागायला शिकवलं की असं वागणं कमी होतं, हे कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली मुलांवरच्या अभ्यासात दाखवलं होतं.

तरीही वही पडली तर व्याख्यान नको. वही परत ठेवा, अगदी छोटा तुकडा, एकच अंक, मदतीनं लिहून घ्या, मग कार्ड दाखवायला लावा आणि थांबू द्या. पहिले काही दिवस फेकणं वाढू शकतं. तिसऱ्या दिवशी कंटाळून कोणी त्याला बाहेर सोडलं, तर तो शिकतो की अजून जोरात फेकावं लागतं. म्हणून वर्गशिक्षिका, मावशी, पालक सगळ्यांना आधी सांगून ठेवा. डोकं आपटणं किंवा चावणं असेल तर मात्र हे एकट्यानं करू नका. तिथे इजा थांबवणं पहिलं, आणि योजना प्रशिक्षित तज्ज्ञाचीच हवी.

मदतीबद्दल थोडं. सूचना एकदाच द्या आणि मनात पाच अंक मोजा. मग बोटानं दाखवा, मग करून दाखवा, शेवटी हाताला आधार. "लिही, लिही, लिही ना" म्हणत राहिलात तर पहिले दोन 'लिही' आपल्यासाठी नसतात असं तो धरून चालतो. शिकलेल्या कामात ही मदत रोज थोडी काढून घ्यायची. आणि त्याच्या कोपराला चिकटून बसू नका, थोडं मागे तिरकं बसा. नाहीतर बाकीची मुलं त्याच्याशी बोलायचीच बंद होतात.

स्टारचं म्हणाल, तर ज्यानं वागणं वाढतं तेच बक्षीस. पाच-सहा वस्तू मांडा, तो कुठली उचलतो पाहा, ती बाजूला काढा, पुन्हा विचारा. आवड बदलत असते, म्हणून दर आठवड्याला पाहा. मिळालेला स्टार कधीच काढून घेऊ नका. "गुड बॉय"ऐवजी लगेच "कार्ड दाखवलंस, छान" म्हणा. डबा, पाणी आणि टॉयलेट बक्षिसात कधीच येत नाहीत.

हात फडफडवणं, डुलणं यानं कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवायला जाऊ नका. एबीएच्या सुरुवातीच्या काळात, मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या कामात, मुलांना थप्पड आणि विजेचे झटकेही दिले गेले. ऑटिझम असलेले अनेक प्रौढ आजही या पद्धतीवर राग धरून आहेत, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. कोणी 'थेरपी' म्हणून तसं करायला सांगितलं तर सरळ नकार द्या.

दोन आठवडे नीट करूनही आकडा हलला नाही, तर कारण ओळखण्यात चूक झाली असण्याची शक्यता मोठी. कार्ड बंद करण्याआधी तिसरा रकाना पुन्हा वाचा: वही पडल्यावर अजून कोणी हसतंय का, कोणी धावत येतंय का, आणि उदाहरणं खरंच त्याच्या आवाक्यातली आहेत का.