रानातला चौकोन

प्रश्न : इंग्रज पलटणी चौकोन करून लढत, असं वाचलं होतं. घनदाट जंगलात हा चौकोन चालवायचे कसे? आमच्या आंबोलीच्या रानात चार माणसं बरोबरीने चालू शकत नाहीत.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मिझोराममध्ये वैरेंगटेला जंगल युद्धाचं प्रशिक्षण घेताना मलाही हाच प्रश्न पडला होता.

चौकोन ही मोकळ्या मैदानातली रचना; चारही बाजूंना सैनिकांची रांग, तोंडं बाहेरच्या अंगाला. तरीही 1874 मध्ये पश्चिम आफ्रिकेत अशांती राज्यावर (आजच्या घानात) चालून जाताना इंग्रज सेनापती वुल्झलीने तो रानात नेला. 31 जानेवारीला अमोआफुलच्या लढाईत 42वी हायलँडर पलटण पुढे, डाव्या-उजव्या अंगाला एकेक तुकडी, पाठीमागे रायफल ब्रिगेड, अशी मांडणी होती. पुढच्या-मागच्यांना निदान मधली पायवाट होती. बाजूच्यांना मात्र जाळी तोडत स्वतःची वाट काढावी लागली. सगळी मेख इथेच आहे. गावी बागेची बेणणी करताना करवंदीच्या जाळीत मी कोयता चालवला आहे. घटकाभरात दंड भरून येतात आणि मागे वळून पाहावं तर वाट जेमतेम पंधरा पावलं पुढे सरकलेली असते. कोयत्याच्या गतीने चालणारी बाजू पायवाटेवरच्या माणसाशी बरोबरी कशी करणार? त्या तुकड्यांची दिशा चुकली, चौकोन विस्कटला. अशांतींची तर रीतच बगलेतून वळसा घालून घेरण्याची!

इंग्रजांना तारलं ते मागून काडतूस भरायच्या, झटपट झडणाऱ्या स्नायडर बंदुकांनी. अशांतींच्या जुन्या बंदुकांतले शिशाचे तुकडे सहसा खोल जात नसत. म्हणून इंग्रजांचे जखमी दोनशेच्या घरात, पण मेलेले बोटांवर मोजण्याइतके. 4 फेब्रुवारीला ते अशांतींच्या राजधानीत, कुमासीत शिरले. त्याला चौकोनाचा विजय म्हणायला माझं मन धजत नाही.

आम्हाला शिकवली ती एकेरी रांग. पुढे वाटाड्या, दोघांत अंतर इतकंच की पुढच्याचा हात दिसावा. बोलणं बंद, सगळं हाताच्या खुणांवर. वाटाड्याची मूठ वर गेली की मागचा शेवटचा गडीसुद्धा जागच्या जागी थिजतो.

तुमच्या जवळचंच ठिकाण सांगतो. 1844-45 मध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या बंडात कंपनीची फौज मनोहर-मनसंतोषगडावर गेली होती. शिरशिंग्याहून गड चढताना मधेच पायवाट सोडून वीस पावलं रानात शिरा आणि सोबत्याला हाक न मारता शोधून बघा.