आई-वडिलांना घेऊन ॲरिझोनातल्या बिस्बी गावी दोन दिवस जायचंय. तिथे करण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा तासगावहून चँडलरला आलेत, ग्रँड कॅनियन आणि सेडोना बघून झालंय आणि आता जानेवारीतल्या जोडून सुट्टीत बिस्बीचं नाव कुणीतरी सुचवलंय. बाबांची द्राक्षबाग आहे, आईचे गुडघे दुखतात. जेमतेम पाच हजार वस्तीच्या, बंद पडलेल्या खाणीच्या गावात त्यांना काय दाखवायचं, हा तुमचा प्रश्न.

मी टूसॉनला अकरा वर्षं राहते. बिस्बीला सहा वेळा गेले, त्यातली एक खेप सासऱ्यांना घेऊन. त्या खेपेमुळेच हे उत्तर लिहायला बसलेय. नक्की न्या त्यांना, आणि एक रात्र मुक्काम करा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर दुसरं गाव निवडा, कारण चँडलरहून एका बाजूचेच तीनेक तास होतात.

आधी एक गोष्ट. वाळवंटातलं गाव म्हटल्यावर फिनिक्ससारखं सपाट ऊन आणि हात वर केलेले साग्वारो निवडुंग डोळ्यांसमोर येतात. बिस्बी तसं नाही. ते म्यूल डोंगरांच्या घळीत, सुमारे 5,300 फुटांवर वसलंय, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. इथे साग्वारो दिसत नाहीत. ओक, ज्युनिपर आणि डोंगरउतारावर ओकोटियोच्या काटेरी छड्या दिसतात. जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ येतो, कधी बर्फही भुरभुरतो. बाबांची कानटोपी बॅगेत असू द्या.

पहिल्या दिवशी पहाटे निघालात तर वाटेत टूम्बस्टोन लागेल. 1881 च्या ऑक्टोबरात तिथे अर्ध्या मिनिटाची गोळीबाराची चकमक झाली आणि त्यावर ते गाव आजतागायत चाललंय. चहाला थांबा, लाकडी फुटपाथवरून एक चक्कर मारा आणि पुढे निघा. पैसे भरून चकमकीचं नाटक बघण्यात वेळ घालवू नका, तोच वेळ बिस्बीला द्या.

बिस्बीत पहिलं काम कॉपर क्वीन खाणीत उतरण्याचं. ही खाण जवळजवळ शंभर वर्षं चालली, 1975 मध्ये बंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी लोकांना आत नेऊन दाखवायला सुरुवात झाली. अंगावर पिवळा रेनकोट, डोक्यावर शिरस्त्राण आणि बॅटरी देतात, आणि घोड्यावर बसावं तसं दोन्हीकडे पाय सोडून छोट्या आगगाडीच्या बाकावर बसवतात. गाडी डोंगरात सुमारे 1,500 फूट आत जाते. आत बारा महिने आठ-नऊ अंश सेल्सिअस असतं, म्हणून रेनकोटाच्या आत स्वेटर हवाच. आईंसाठी दोन गोष्टी आधी तिकीटखिडकीवर विचारून घ्या: बाकावर पाय टाकून बसायला जमेल का, आणि आत एके ठिकाणी जिना चढावा लागतो, तिथे त्यांना खाली थांबता येईल का. सुट्टीच्या दिवसांत जागा भरतात, आरक्षण आठवडाभर आधी करा.

आता सासऱ्यांबद्दल. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. 1982 च्या संपानंतर गिरणीत परत गेले नाहीत आणि त्या दिवसांबद्दल घरात फारसं बोलतही नसत. खाणीत शिरण्याआधी प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला देतात. जुन्या काळी कामगार खाली जाताना बिल्ला घ्यायचा आणि वर आला की फळ्यावर आपल्या जागी लावायचा. पाळी सुटल्यावर एखादी जागा रिकामी दिसली तर माणूस अजून आत आहे हे कळायचं. हे मी त्यांना मराठीत सांगत होते, पण त्यांचं लक्ष हातातल्या बिल्ल्याकडे होतं. अंगठ्याने आकडा दोनदा पुसल्यासारखा केला आणि म्हणाले, "आमचा पण पितळेचाच होता." मग त्यांनी स्वतःचा नंबर सांगितला. चाळीस वर्षांपूर्वीचा, न अडखळता. माझ्या नवऱ्याने तो नंबर पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला.

आत वाटाड्याने भोकं कशी पाडायची, सुरुंग कोणत्या क्रमाने उडायचे, खेचरं गाड्या कशी ओढायची हे दाखवलं. रुळांवर फिरणारा दोन माणसांचा लोखंडी संडासही दाखवला. सासऱ्यांचे प्रश्न संपेनात. पाळी किती तासांची? धुळीने छातीचे आजार व्हायचे का? जखमी झाला तर घरी पैसे कोण पोचवायचं? मी भाषांतर करता करता दमले. त्या वाटाड्याने उमेदीच्या काळात याच डोंगरात काम केलेलं होतं, आणि बाहेर आल्यावर दोघे म्हातारे बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभे होते.

तुमच्या बाबांना आतला एक रंग लगेच ओळखू येईल. भिंतींवर काही जागी निळी-हिरवी झाक दिसते. तांब्याचे क्षार ते. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि फवारणीच्या बोर्डो मिश्रणासाठी ज्याने वर्षानुवर्षं मोरचूद आणि चुना कालवलाय त्याला वेगळं सांगावं लागणार नाही. बिस्बीतून आठ अब्ज पौंडांहून जास्त तांबं निघालं. अझुराइट आणि मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजांचे इथले खडे जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि 'बिस्बी ब्लू' नावाचा पिरोजाही इथलाच. गावातल्या दुकानांत तो मिळतो, पण खात्रीच्या माणसाकडूनच घ्या.

खाणीपासून गाडीने दोन मिनिटांवर लॅव्हेंडर पिट आहे. फुलांशी त्याचा संबंध नाही. हॅरिसन लॅव्हेंडर नावाच्या खाण-अधिकाऱ्याचं ते नाव. 1974 पर्यंत खणलेला सुमारे 900 फूट खोल खड्डा, पायरी-पायरीने उतरलेला, तांबडा, जांभळा आणि पिवळट. रस्त्याच्या कडेलाच कठडा आहे, चालावं लागत नाही. मावळतीच्या उन्हात बघा. या खड्ड्यासाठी लोवेल वस्तीचा मोठा भाग उठवला गेला. उरलेला ईरी स्ट्रीटचा तुकडा पलीकडे आहे. जुन्या गाड्या आणि पाट्या लावून लोकांनी तो 1950 च्या दशकातला वाटेल असा सांभाळलाय. तिथे सपाट रस्त्यावर आई आरामात फिरतील.

जुन्या बिस्बीत मात्र पायऱ्याच पायऱ्या. घरं घळीच्या दोन्ही उतारांवर चिकटलेली, आणि त्यांच्याकडे जाणारे सिमेंटचे जिने, त्यातले बरेच 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेखाली बांधलेले. दर ऑक्टोबरात इथे हजाराहून जास्त पायऱ्यांची शर्यत होते. आईंना मेन स्ट्रीटवर कॉफीच्या दुकानात बसवा आणि तुम्ही बाबांना घेऊन एखादाच जिना चढा. वर गेल्यावर पत्र्याची छपरं, गुलमोहरी-पिवळी दारं आणि भंगारातून केलेली शिल्पं दिसतात. खाणी बंद पडल्यावर घरं मातीमोल झाली, तेव्हा चित्रकार आणि भटकी मंडळी येऊन राहिली. गावाचा आजचा चेहरा त्यांचा आहे.

पहिल्याच दिवशी, अंधार पडण्याआधी, वॉरन भागातल्या बेसबॉल मैदानावर जा. प्रवासी पुस्तिकांमध्ये 1909 पासूनचं जुनं मैदान एवढाच उल्लेख असतो. माझ्या मते बिस्बीत येऊन हे न बघणं म्हणजे अर्धं गाव सोडून जाणं. 1917 च्या जूनमध्ये इथले खाणकामगार सुरक्षितता आणि मजुरीसाठी संपावर गेले. 12 जुलैच्या पहाटे शेरीफने हत्यारं देऊन उभे केलेले सुमारे दोन हजार लोक, दंडाला पांढरी पट्टी बांधून, घरोघर शिरले. संपकरी, त्यांना सहानुभूती असणारे, नुसते संशयित, सगळ्यांना बंदुकीच्या धाकात चालवत या मैदानात आणलं. संप सोडा, नाहीतर गाडीत बसा. 1,186 माणसांना गुरांच्या डब्यांत भरून सोळा तासांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. त्यात मेक्सिकन आणि पूर्व युरोपातून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. बहुतेकजण परत आलेच नाहीत, आणि हे करणाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. कित्येक दशकं गावात हा विषय निघत नसे. 2017 साली, बरोबर शंभर वर्षांनी, गावकऱ्यांनीच रस्त्यावर उतरून तो दिवस पुन्हा उभा केला. गावातल्या खाण संग्रहालयात याची चांगली माहिती आहे, आधी ते बघा आणि मग मैदानावर जा.

सासरे कुंपणाला धरून उभे राहिले. आत पोरं सराव करत होती. "घरच्यांना कळलं कधी, कुठे नेलं ते?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या रात्री हॉटेलवर ते संपाबद्दल बोलले, दीड-दोन तास.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहारी असाल तर मेक्सिकन ठिकाणी राजमा-बरिटो मागवताना राजमा चरबीत शिजवलाय का ते विचारा, बऱ्याचदा असतो. आम्ही थालीपीठं आणि दाण्याची चटणी बरोबर नेली होती. रविवारी संध्याकाळी बरंच काही लवकर बंद होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठा, कितीही थंडी असली तरी. पाऊण तासाच्या आत व्हाइटवॉटर ड्रॉ नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे हजारो सँडहिल क्रेन उतरतात, आपल्या करकोच्यांचेच भाऊबंद: राखाडी, कपाळावर लाल टिळा, चार फुटांपर्यंत उंच. रात्रभर ते उथळ पाण्यात उभे राहतात, म्हणजे कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) जवळ आला तर पाण्याचा आवाज होतो. सूर्य वर येताना थव्याथव्याने आसपासच्या मक्याच्या शेतांकडे उडतात आणि दुपारच्या सुमारास परततात. हजारो घसे एकदम घरघरतात तो आवाज छातीत जाणवतो. वाट सपाट आहे, बसायला जागा आहेत. आईंना सगळ्यात जास्त हेच आवडेल असं मला वाटतं.

तिथून आल्या रस्त्याने परत फिरू नका. 191 नंबरच्या हायवेने उत्तरेला विलकॉक्सकडे जा, कारण बाबांची खरी जागा ती. ॲरिझोनातल्या वाइनच्या द्राक्षांचा बहुतांश भाग विलकॉक्सच्या आसपास, चार हजार फुटांवरच्या वाळवंटी पठारावर होतो. जानेवारीत वेली उघड्या, काळपट काड्या नुसत्या तारांवर. बाबांना वाटेल बाग वाळली. मुद्दाम एखाद्या बागेत आधी फोन करून जा आणि त्यांना बागवाल्याशी बोलू द्या. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. इथे थंडीने वेल स्वतःच झोपते आणि हिवाळा सरताना एकच छाटणी होते. काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात, नेमकी इथल्या पावसाळ्याच्या वेळी, म्हणजे गारपिटीची धास्ती त्यांनाही आहे. दोन बागायतदारांना बोलायला एवढं पुष्कळ. तुम्ही भाषांतराची तयारी ठेवा.

आणि शेवटचं, पण विसरू नका. मेक्सिकोची सीमा बिस्बीपासून दहाएक मैलांवर आहे. त्यामुळे या पट्ट्यातून उत्तरेला येताना सीमा-गस्तीची चौकी लागते आणि कागद विचारतात. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आई-बाबांच्या आय-94 ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) छापील प्रत गाडीत पुढच्या कप्प्यात ठेवा. आम्हाला दोन मिनिटांत सोडलं, पण कागद मागच्या डिकीतल्या बॅगेच्या तळाशी होते आणि सासरे त्या दोन मिनिटांत फार घाबरले होते.